इंजेक्शनापायी धरलेली नोकरी

लिफ्टच्या धंद्यात त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं होतं. हे नाव पडलं ते त्याच्या तोंडात बसलेल्या शब्दामुळे. वर मशीनरूममध्ये जोडीदार हाताने ब्रेक सोडायचा, लिफ्ट बोटभर खाली सरकायची, आणि हा केबिनच्या टपावर उकिडवा बसून डक्टमधून वर ओरडायचा, ‘सावकाश’. पुढे पुढे ते त्याला घरीही सुटेना. लेक सायकल शिकत होती तेव्हा सावकाश, बायको स्टुलावर चढली की सावकाश. बायको म्हणायची, यांच्या मनगटावर नवंकोरं घड्याळ बांधलं तरी ते मागे पडेल.

कामाला मात्र तो संथ नव्हता. त्याने हात लावलेली लिफ्ट महिनोन्‌महिने कुरकुरत नसे. दाराच्या पट्टीत अडकलेला खडा काढण्यापासून दोर बदलण्यापर्यंत सगळं तो त्याच चालीने करायचा, आणि काम संपल्यावर टपावरचं तेल पुसून मगच खाली उतरायचा. त्याचा जोडीदार याच्या अगदी उलट. तोंडाळ, राग नाकावर घेऊन फिरणारा, एका वाक्यात तीन माणसांना शिव्या घालणारा. पण ब्रेकवर त्या माणसाचा हात असला की सावकाश टपावर बिनघोर उभा राही. इतक्या वर्षांत दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, आणि एकमेकांशी पटतही नसे.

बायको घरीच लोकांचे कपडे लहानमोठे करून द्यायची. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीवरच्या दांडीला टांगलेल्या पँटी, कोट, चेन गेलेली जाकिटं. तिची कात्री लोखंडी आणि वजनदार होती. त्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. लेक लग्न होऊन दूर गेल्यापासून तर ती खिडकी आणि ते मशीन हेच तिचं दिवसभराचं घर झालं होतं.

दुखणं सुरू झालं ते अगदी फालतू गोष्टीपासून. बरणीचं झाकण निघेना. मग सकाळी उठल्यावर बोटं मिटेनात, मिटली तर उघडेनात. एका डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी आराम करा म्हणून सांगितलं, तिसऱ्यांनी वय झालं म्हटलं. यावर ती म्हणाली, वय माझं झालंय तर गुडघ्यांनीही दुखायला हवं, बोटांनाच काय एवढी घाई. शेवटी कुणीतरी सांध्यांच्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. बाईंनी बोटं हातात घेऊन एकेक पेर दाबून पाहिलं आणि सांगितलं की हा वयाचा वात नाही. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. वेळेवर रोखलं तर रोखता येतं. एक इंजेक्शन आहे, दर पंधरवड्याला पोटावर घ्यायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, आणि चुकवायचं नाही. त्याची किंमत ऐकल्यावर नवरा-बायको दोघंही एकदम टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या हाडांकडे बघायला लागले.

सावकाशच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात. त्यावर आजवर त्याने कुरकुरच केली होती, कारण घरात कधी साधा ताप आला तरी तो दोन दिवसांत उतरायचा. आता पहिल्यांदा कळलं की कंपनीचा तो विमा सगळ्या कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना सरसकट घेतो, कुणाला काय झालंय हे न विचारता. इंजेक्शन त्यात बसलं. तीनेक महिन्यांत बोटांची सूज उतरली. तिने पुन्हा कात्री हातात घेतली तेव्हा आधी कापली ती त्याचीच एक चांगली पँट. काही कारण नसताना गुडघ्यापासून अर्धी केली, आणि वर म्हणाली, बघत होते जमतंय का. त्याने ती अर्धी पँट पुढे कित्येक सुट्ट्यांना घातली.

सगळं असंच चाललं असतं. पण मोठे साहेब थकले आणि कंपनी त्यांच्या जावयाच्या हातात आली.

जावई शिकलेला होता, गोडबोल्या होता, वयाने मोठ्या माणसांना काका म्हणायचा. कामगार पाठीमागे त्याला नुसतं ‘जावई’ म्हणत, आणि त्या एका शब्दात जे काय सांगायचं ते येऊन जाई. त्याने आल्या आल्या हिशोब मांडला की एका लिफ्टला दोन माणसं म्हणजे दुप्पट खर्च. यापुढे एकाने एक लिफ्ट बघायची. वर काय चाललंय ते फोनवर दिसेल, फोटो काढून पाठवायचे, झालं. जुन्या कामगारांनी सांगून पाहिलं की टपावर माणूस असताना वर कुणीतरी लागतं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी नवं वेळापत्रक लावलं.

त्यानंतर फार दिवस गेले नसतील. जोडीदार एका जुन्या इमारतीत एकटाच टपावर चढला होता. काम चालू असताना लिफ्ट जागेवर रोखून धरणारा देखभालीचा खटका झिजलेला, नीट बसला नव्हता. वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं आणि केबिन त्याला घेऊन निघाली. तो पालथा पडला, हात डोक्यावर घेतले, आणि लिफ्ट वरच्या तुळईच्या वीतभर खाली येऊन थांबली. तो तिथून उतरला, तसाच तेलकट कपड्यांनी ऑफिसात गेला, जावयाच्या टेबलावर चाव्यांचा जुडगा ठेवला आणि निघून आला. त्या दिवशी तो कुणाला शिवीसुद्धा देत नव्हता. त्यामुळेच सगळे घाबरले.

चार दिवसांनी त्याने सावकाशला कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बोलावलं. म्हणाला, आपण आपलं सुरू करू. पाच-सहा इमारती आत्ताच तयार आहेत, लोक कंपनीला कंटाळलेत, ते विचारतात की तुम्ही दोघं आहात का. निम्मा तू, निम्मा मी. त्याने एक जागाही बघून ठेवली होती, जिन्याखालचा गाळा, पुढे शटर, मागे एक खिडकी. दोघं जाऊन बघून आले. सावकाशने खिडकी उघडून पाहिली, बिजागरीला तेल हवं होतं. पाना-पेटी कुठे राहील, दोरांची वेटोळी कुठे टांगता येतील, हे सगळं त्याने मनातल्या मनात लावूनही टाकलं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या वेळापत्रकावर नाचलेला माणूस तो. त्या गाळ्यात उभं राहिल्यावर त्याला अंगातलं काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं.

घरी जाताना बसमध्ये त्याला इंजेक्शन आठवलं.

बायकोला त्याने काही सांगितलं नाही. आधी विम्याचं बघू, मग सांगू, असं ठरवलं. पहिला एजंट फारच आनंदाने आला. रंगीत पत्रक पुढे केलं, त्यावर एक हसणारं कुटुंब गवतावर पळत होतं. घरात कुणाला काही आजार, असं त्याने सहज विचारलं, आणि उत्तर ऐकून तो पत्रकाची घडी घालू लागला. दुसऱ्याने सांगितलं, घेतो, पण हा आजार आधीचा असल्यामुळे पहिली चार वर्षं त्याचं काही मिळणार नाही. सावकाशने विचारलं, चार वर्षं तिने काय करायचं. एजंट म्हणाला, हप्ते भरायचे. तिसऱ्या कंपनीचा हप्ता घरभाड्याच्या वर जात होता, आणि एवढं भरूनही दवाखान्यात दाखल न होता घेतलेलं इंजेक्शन त्यात नव्हतंच. म्हणजे बाई अंथरुणाला खिळली तर पैसे, चालतीफिरती राहिली तर नाही. चौथ्या कंपनीला फोन लावला तर तिथे आधी वाद्यसंगीत लागलं. मग एका बाईचा आवाज म्हणाला की तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मग पुन्हा संगीत. मशीनरूममध्ये तेलाच्या डब्यावर बसून तो ते संगीत ऐकत राहिला, आणि माणूस बोलायला आला तेव्हा नेमकी खालून कुणीतरी लिफ्ट बोलावली, मोटर धडधडली आणि त्याला काही ऐकू आलं नाही.

जोडीदाराने मग डोकं लढवलं. कंपनीसारखा सरसकट विमा आपणही घेऊ, आपल्या धंद्याच्या नावाने. चौकशी केली तर निदान सात माणसं कामाला हवीत. हे दोघं. जोडीदार बोटांवर मोजू लागला. त्याची बायको फोन घेईल, ती तिसरी. त्याची आई चौथी. आई काय काम करते म्हणून विचारलं तर, असं सावकाशने म्हटल्यावर तो म्हणाला, देखरेख. जन्मभर तेच करत आलीय. त्याचा मेव्हणा पाचवा झाला, आणि सहाव्या-सातव्याशी येऊन दोघांनाही हसू आवरेना. हसता हसता जोडीदाराने कप खाली ठेवला आणि म्हणाला, ‘काय दिवस आलेत. लिफ्ट आपल्याला येते, माणसं आपल्याला ओळखतात, आणि आपण इथे म्हाताऱ्या आईला कामावर लावतोय.’

सरकारी दवाखान्यात तो एकटाच जाऊन चौकशी करून आला. तिथल्या खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की इंजेक्शन यादीत आहे, पण साठा येईल तसं देतो. नाव नोंदवा, आठ-दहा महिन्यांत नंबर लागेल. तोवर मध्ये खंड पडला तर काय, हे त्याने विचारलं. त्या माणसाने मागच्या रांगेकडे बोट दाखवलं. उद्धटपणे नाही.

सावकाशने जोडीदाराला नाही म्हणून सांगितलं. कारण दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. जोडीदार एवढंच म्हणाला की वहिनी माझी कुणी नाहीत का, काहीतरी करू की. सावकाशने मान हलवली. काहीतरी करू यावर पंधरवड्याचं इंजेक्शन मिळत नाही. त्यानंतर जोडीदाराचे फोन कमी झाले.

जावयाला इंजेक्शनचं कुठून कळलं कुणास ठाऊक. पण ऑफिसात कुणाला कुठलं औषध लागतं हे हिशोबखात्यातल्या बाईंना माहीत असे, आणि त्यांचं टेबल जावयाच्या दाराशीच होतं. एका इमारतीत पुराचं पाणी शिरून लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात साठलं होतं. वर वीज, खाली पाणी, आणि एकट्याने उतरायचं. तिघांनी नकार दिला. काम सावकाशकडे आलं. तो ऑफिसात जाऊन म्हणाला की सोबत एक माणूस द्या, मग उतरतो. जावयाने खुर्ची पुढे केली, चहा मागवला. मग फार मायेने विचारलं, ‘काका, काकूंची तब्येत कशी आहे? इंजेक्शन वेळेवर मिळतंय ना?’

बस्स, एवढंच. त्याने धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही. सावकाशने चहा तसाच ठेवला. तो उठला, गमबूट घातले आणि एकटाच खड्ड्यात उतरला. वर जिन्यात उभ्या असलेल्या रखवालदाराला त्याने बंद करून ठेवलेल्या मुख्य खटक्याला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. तरी पोटरीभर पाण्यात वाकून काम करताना दर थोड्या वेळाने तो वर बघत होता, रखवालदार जागेवर आहे ना म्हणून.

त्या दिवसापासून नको ती सगळी कामं त्याच्या वाट्याला येऊ लागली. इतर कामगार वाद घालत, रजा टाकत, नोकरी सोडण्याची भाषा करत. याने काही म्हटलं की तब्येतीची चौकशी व्हायची. चिडून तो घरी यायचा आणि बायको विचारायची, काय झालं. तो म्हणायचा, काही नाही, दमलोय. मग जेवताना भांडं जोरात ठेवायचा, रेडिओवर चिडायचा, शेजाऱ्याच्या कुत्र्यावर चिडायचा. ज्याच्यावर चिडायचं तो माणूस त्याला काका म्हणत होता.

बायकोला खरं कळलं ते जोडीदाराच्या बायकोकडून. ती कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, भाऊजी तुमच्यासाठी थांबले हो, नाहीतर आज दोघांचा धंदा असता. बायकोने टाचण्या लावता लावता हं म्हटलं. त्या दिवशी नवऱ्याला तिने काही विचारलं नाही.

चारेक महिन्यांनी सावकाशच्या लक्षात आलं की ती कप दोन्ही हातांनी उचलते. सकाळी मशीन उशिरा सुरू होतं. विचारलं तर म्हणाली, थंडी आहे. मग एका रविवारी फ्रिजमधला भाजीचा खण अडकला. त्याने तो ओढून काढला, तर मागे, कोबीच्या आड, इंजेक्शनची चार-पाच खोकी नीट एकावर एक रचलेली.

ती मशीनपाशी होती. त्याने खोकी आणून तिच्या समोर ठेवली.

‘हे काय?’

‘दिसतंय की.’

‘तू घेतली नाहीस?’

‘एकाआड एक घेते. बाकीची साठवते. तुम्ही नोकरी सोडलीत तर सरकारी दवाखान्यात नंबर लागेपर्यंत पुरतील.’

तो म्हणाला, ‘तुला कुणी सांगितलं?’

‘तुम्ही नाही सांगितलंत, एवढं नक्की.’ तिने मशीनवरून पाय काढला. ‘त्या माणसापुढे मान खाली घालून तुम्ही पाण्यात उतरता, खड्ड्यात उतरता, ते माझ्यापायी. आणि मी इथे खिडकीशी बसून आरामात चेनी लावतेय. मला एकदा विचारलंत? बाई गं, तुला हे चालेल का?’

‘तुझे हात वाचावेत म्हणूनच ना.’

‘हात माझे आहेत. त्यांचं काय करायचं यात मला धरा. आजार मला झालाय, शिक्षा तुम्हाला, आणि निर्णयही तुम्हीच घेताय.’

तो तिच्यासमोरच्या स्टुलावर बसला. तिच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं त्याने त्या दिवशी नीट पाहिली. पेरं सुजून गोल झाली होती, आणि एक बोट किंचित बाजूला वळलं होतं. राग कुणाचा आला ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. तिचा आला, स्वतःचा आला, जावयाचा आला. त्या गवतावर पळणाऱ्या कुटुंबाचाही आला. त्याने एक खोकं उघडलं आणि म्हणाला, ‘आत्ताच्या आत्ता घे.’ तिने घेतलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या. असं मध्येमध्ये सोडून घेतलं की औषध पुढे लागू पडेनासं होतं, म्हणाल्या. बाकीची बोटं येतील वळणावर, पण ती दोन झिजली ती झिजली. बायकोने विचारलं की कात्री धरता येईल का. बाई म्हणाल्या, हलकी घ्या. घरी आल्यावर तिने लोखंडी कात्री कापडात गुंडाळून खणात ठेवून दिली आणि प्लॅस्टिकच्या मुठीची आणली. ती तिला कधीच आवडली नाही.

आता जे करायचं ते दोघांनी मिळून, असं ठरलं. पहिलं काम म्हणजे सरकारी दवाखान्यात नाव नोंदवणं. सांध्यांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता, आणि लिफ्टच्या दाराला दोरीने पुठ्ठा बांधला होता: बंद आहे. पायऱ्यांवर माणसं कठड्याला धरून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढत होती. सगळी सांध्यांचीच. सावकाशने दाराला कान लावून पाहिलं, मग शिपायाकडे जाऊन म्हणाला की मी याच कामातला आहे, पैसे नकोत, बघून देतो. शिपाई चांगला माणूस होता. म्हणाला, ‘दादा, मला आनंदच आहे. पण ठेका दुसऱ्याचा. त्याचं बिल अडलंय म्हणून तो येत नाही, आणि त्याच्या लिफ्टला तुम्ही हात लावलात तर माझी नोकरी जाईल.’ बायको तोवर पहिल्या वळणाला जाऊन पोचली होती. तिथून तिने खाली बघून त्याला हाक मारली.

त्याच वर्षी कंपनीने विमा बदलला. जावयाने सगळ्यांना बोलावून केक कापला आणि सांगितलं की नव्या विम्यात दात साफ करून मिळतील, चष्म्याचा नंबर फुकट तपासून मिळेल. टाळ्या झाल्या. महिनाअखेर औषधांच्या दुकानात सावकाशला कळलं की इंजेक्शनचे अर्धे पैसे आता ज्याचे त्याने भरायचे. तो हिशोबखात्यातल्या बाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, विमा कंपनीला विचारा. विमा कंपनीला फोन लावला, संगीत ऐकलं, आणि शेवटी आलेला माणूस म्हणाला की तुमच्या मालकांनी हाच प्रकार निवडला, त्यांना विचारा. तो जावयाकडे गेला. जावयाने हळहळून सांगितलं, काका, आमच्या हातात काय असतं. तिन्ही माणसं सभ्यपणे बोलली. परत येताना जिन्यात उभं राहून सावकाशने भिंतीवर मूठ आपटली, आणि मग आठवडाभर पाना धरताना त्याचाच हात दुखत होता.

ज्या विम्यासाठी त्याने मान तुकवली, तोच असा निम्म्याने हातातून गेला. उरलेल्या महिन्यांत त्यांनी फ्रिजमधला साठा वापरला, अर्धे पैसे भरले. लेकीने पाठवलेले पैसे आधी परत केले आणि नंतर घेतले. दवाखान्यातला नंबर वर्ष संपता संपता लागला. औषध तेच नव्हतं, त्याच्या जातीचं दुसरं, स्वस्तातलं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की चालेल.

राजीनामा द्यायला जाताना सावकाशने काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. खड्ड्यातलं पाणी, जोडीदाराच्या डोक्यावरची तुळई, काकूंची तब्येत, सगळं एकेक करून काढायचं होतं. जावई फोनवर बोलत होता. त्याने डोळ्यांनीच खूण केली, ठेवा तिथे, आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. सावकाश थोडा वेळ उभा राहिला. फोन संपायची चिन्हं दिसेनात. पाठ केलेलं सगळं तसंच घेऊन तो बाहेर पडला.

जोडीदाराने त्याला मिठी मारली, पण अवघडूनच. मधल्या काळात कामं वाढली होती, आणि गाडी असलेला एक वायरमन निम्म्या हिश्शाने आत आला होता. जोडीदार म्हणाला की आता भागी राहिली नाही रे, पगारावर येशील? हे विचारताना तो जमिनीकडे बघत होता. सावकाश म्हणाला, येतो. दुसऱ्याच दिवशी दोघं एका जुन्या लिफ्टवर होते, हा टपावर, तो ब्रेकपाशी. वरून शिव्यांची फैर झडली तेव्हा सावकाशला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. गाळ्याच्या शटरवर मात्र नाव दोघांचं होतं, आणि त्या दोघांत हा नव्हता. रोज सकाळी शटर वर ढकलताना ते त्याच्या डोळ्यांसमोरून वर जाई.

दवाखान्यात इंजेक्शन कधी मिळतं, कधी साठा संपलेला असतो. पुढच्या आठवड्यात या, म्हणतात. अशा वेळी सावकाशचा तोल जातो. एकदा तो खिडकीवर इतका बोलला की मागच्या रांगेतली म्हातारी त्याला म्हणाली, बाबा, तो माणूस काय खिशात लपवून बसलाय का. बायकोने त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. पायऱ्या उतरताना ती म्हणाली, पुढच्या वेळी मी एकटी येईन, तुम्ही आलात की मला दोघांना सांभाळावं लागतं.

आता त्याने स्वतःपुरता एक विमा घेतलाय. बायकोला त्यात घेत नाहीत, पण उद्या टपावरून पडलो तर निदान तिच्या डोक्यावर खर्च नको, असा त्याचा हिशोब. एजंटने अभिनंदन केलं की तुम्हाला आधीचा एकही आजार नाही. पॉलिसी हातात आली आणि थोड्याच दिवसांत मशीनरूमची शिडी चढताना उजवा गुडघा करकरायला लागला. आता तर घरात शिरताना बायकोला तो ऐकू येतो. ती म्हणते, दाखवून या. तो म्हणतो, दाखवलं की कागदावर येतं, आणि कागदावर आलं की ते आधीचंच होतं म्हणतात. ठरलेली वर्षं भरेपर्यंत हा गुडघा दुखत नाही.

पहिल्यांदा हे ऐकून ती हसली. मग तिने गरम पाण्याची पिशवी भरून आणली आणि तो नको नको म्हणत असताना त्याच्या गुडघ्यावर धरून बसली. वाकड्या बोटांनी पिशवी नीट धरता येत नव्हती, म्हणून तळहाताने दाबून.